अडीच तारे

ज्या अल्बममध्ये माझी आई गायली, त्याला मी पाचपैकी अडीचच तारे दिले, आणि तेही तिच्याच आवाजामुळे. आवाज तिचा आहे हे मला तेव्हा माहीत नव्हतं, एवढंच मला माझ्या बाजूनं सांगता येईल. ते परीक्षण अजून इंटरनेटवर आहे, खाली माझं नाव आहे, आणि कुणी शोधलं तर दोन मिनिटांत सापडतं.

मी कर्जतजवळ दहिवलीला राहते आणि चौक गावी, जुन्या हायवेवरच्या एका वर्कशॉपमध्ये काउंटर सांभाळते. कुठल्या ट्रकला कुठला बेल्ट बसतो, कुठल्या टेंपोचा क्लच आता जाणार, हे मला झोपेत विचारलं तरी सांगता येईल. हे झालं पोटापाण्याचं. दुसरं काम हौसेचं. एका छोट्या वेबसाइटवर मी नव्या अल्बमांची परीक्षणं लिहिते. नावाजलेले बँड मुंबईचे लोक आपसांत वाटून घेतात. उरलेली, आपल्याच खोलीत गाद्या उभ्या करून गाणी रेकॉर्ड करणारी मुलंमुली माझ्या वाट्याला येतात. मला तीच आवडतात, आणि म्हणून त्यांच्यावर माझा रागही जास्त. माझं लिहिणं तिखट असतं असं लोक म्हणत, आणि मला ते ऐकून बरं वाटायचं.

तो अल्बम आला तेव्हा शेतांत राब भाजायला, म्हणजे पेरणीआधी पालापाचोळा जाळायला, सुरुवात झाली होती. त्या दिवसांत आमच्याकडे सकाळ धड उजाडत नाही. धूर खाली बसून राहतो. डोंगर असतात तिथेच असतात, पण अर्धे पुसलेले दिसतात. चौकच्या रस्त्यावर स्कूटर चालवताना आपण कुठे निघालोय की कुठून परत येतोय, हेच मधूनमधून कळेनासं होतं. अशाच एका सकाळी मी एका कानात तो अल्बम लावला. आठ गाणी होती. करणारे दोघं, एक मुलगा आणि एक मुलगी, मुंबई सोडून कर्जतजवळ बंगला भाड्यानं घेऊन राहिलेली. त्यांच्याबद्दल एवढंच लिहिलं होतं. असे बंगले आमच्याकडे पावलोपावली आहेत आणि त्यांत राहून गाणी करणारेही कमी नाहीत, म्हणून मी तिकडे लक्ष दिलं नाही.

गाण्यांनी मात्र मला धरून ठेवलं. गिटार लांबून, शेजारच्या आळीतून आल्यासारखी वाजत होती. मुलगी शब्दांवर जोर देतच नव्हती, शब्द आले तर आले, नाहीतर राहू देत, असं तिचं गाणं. दुपारी गाढ झोपून उठल्यावर क्षणभर सकाळ आहे की संध्याकाळ आणि हे घर कुणाचं, काहीच उमजत नाही, तसं मला ऐकताना होत होतं. एका गाण्यात नुसती खिडकी होती. एकात कुणीतरी कुणाला पत्ता सांगत होतं, आणि तो पत्ता संपतच नव्हता. पुढच्या झाडापाशी वळ, मग विहीर लागेल, मग पुन्हा झाड. मी त्या पत्त्याच्या मागे मागे गेले आणि चौकचा फाटा कधी आला ते मला समजलं नाही.

मग आठवं गाणं लागलं. त्यात गिटार नव्हती. खाली एक बारीक घुमणारा सूर, आणि त्यावर एका बाईचा आवाज. तो इतका संथ आणि इतका खोल केलेला की शब्द पार विरघळून गेले होते. भाषा कोणती तेही कळेना. एक ओळ यायची. मग काहीच नाही. बराच वेळ नुसता घुमारा. मग दुसरी ओळ, आणि पुन्हा तेच. मी स्कूटर बाजूला घेऊन फोन बंद पडला का बघितलं. चालू होता. मला राग आला.

आता आमच्या घरातल्या नारळाचं सांगायला हवं.

माझी आई धवले म्हणायची. धवले म्हणजे लग्नातली गाणी. मांडव घालण्यापासून नवरी निघेपर्यंत प्रत्येक गोष्टीचं वेगळं गाणं असतं. ती एकटीनं म्हणायची गाणीच नव्हेत, जोडी लागते. एकीनं ओळ सोडायची, आणि ती खाली टेकायच्या आत दुसरीनं तिचं शेपूट धरून तीच ओळ परत म्हणायची. याला झील धरणं म्हणतात. आईची झील आमच्या समोरच्या घरातली काकी धरायची. दोघी एकाच वर्षी लग्न होऊन दहिवलीत आल्या आणि पस्तीस-छत्तीस वर्षं एकमेकींच्या ओळी उचलत राहिल्या. दोन वर्षांपूर्वी काकी गेली. त्यानंतर आई एकाही मांडवात गायला बसली नाही. कुणी बोलवायला आलं की म्हणायची, "आता डीजे हाय की. मी कशाला?"

मला खरं तर सुटल्यासारखं वाटलं होतं. मी दहावीत असताना माझ्या वर्गातल्या एका मुलीच्या घरी हळद होती. आई आणि काकी माइकशिवाय गात होत्या, आणि मधेच कुणीतरी स्पीकर लावला. माझ्या वर्गातली पोरं हसली. मी आईकडे न बघता उठून गेले. त्यानंतर तिच्याबरोबर मी कुठल्या हळदीला गेले नाही. पहिल्या पगारात हेडफोन घेतले, चांगले कान झाकणारे. अल्बम आला तेव्हा आईचं गाणं ऐकून मला सोळा वर्षं झाली होती.

तर त्या राबाच्या दिवसांत आमची शेजारीण गाण्याचं बोलावणं म्हणून नारळ-विडा घेऊन आली. तिच्या धाकट्या मुलीचं लग्न वैशाखात ठरलं होतं. "मोठीच्या हलदीला तुमी दोघी होतात," ती आईला म्हणाली. "धाकटीला निदान तू तरी पायजेस गं." आईनं पदराला हात पुसले. मग तिनं नारळ घेतला आणि देवाच्या फळीवर ठेवला. "एकटीनं जमल तसं म्हनेन," ती म्हणाली. त्या दिवशी भाकऱ्या करताना ती गुणगुणत होती, आणि मी बाजूच्या खोलीत हेडफोन लावून आठवं गाणं तिसऱ्यांदा ऐकत होते. हे आठवलं की मला आजही स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

आई तेव्हा कोंडाण्याच्या रस्त्याला एका बंगल्यावर जेवण करायला जायची. या वयात कशाला, यावरून आमचं रोज वाजायचं. "मंग घरात बसून भिंतींशी बोलू का?" असं ती विचारायची. मुंबईची पोरं आहेत, चांगली आहेत, भाकरी आवडीनं खातात, इतकं तिनं सांगितलेलं मला ठाऊक होतं. पुढे मी काही विचारलं नाही. वाचणाऱ्याला एव्हाना सगळं कळलं असेल. मला कळलं नाही, कारण मी परीक्षण लिहिण्यात गुंतले होते.

इतरांची परीक्षणं यायला लागली होती. कौतुकच कौतुक. एका इंग्रजी पोर्टलवाल्यानं आठव्या गाण्यातल्या शांततेवर दोन परिच्छेद खर्च केले होते. त्याच्या मते त्या रिकाम्या जागा हेच खरं संगीत होतं. आणखी एकीनं तो आवाज डोंगरातल्या कुठल्यातरी लोप पावत चाललेल्या प्रार्थनेचा आहे असं ठरवून टाकलं होतं. ती प्रार्थना करणारी बाई संध्याकाळी साडेसातची मालिका चुकवत नाही, हे तिला कोण सांगणार? तिसऱ्याला त्यात समुद्र ऐकू आला. आमच्याकडे समुद्र नाही. हे वाचून माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. मी इथली. इथल्या बाईचा आवाज चवीपुरता भुरभुरलाय हे मला समजणार नाही तर कुणाला, अशा तोऱ्यात मी होते.

एका दुपारी जेवणाच्या सुट्टीत मी तो अल्बम वर्कशॉपच्या स्पीकरवर लावला. दोन गाण्यांतच नटबोल्टांवर पाने फिरवणारे हात मंदावले. डेंटिंगवाला म्हणाला, "मॅडम, हे बंद करा, हात जड झाले." क्लच घ्यायला आलेला एक टेंपोवाला बाकावर बसल्या बसल्या पेंगला, आणि जागा झाल्यावर म्हणाला, "घाटात लावलं तर सरळ खालीच." हे वाक्य मी परीक्षणासाठी लिहून ठेवलं. आमचे हेडमिस्त्री मात्र आठवं गाणं लागलं तसे हातात चिंध्यांचा बोळा घेऊन उभे राहिले. साठीचे गृहस्थ, दिवसाला दहा वाक्यं बोलतील तर शपथ.

"ही बाय थांबते कशाला?" गाणं संपल्यावर त्यांनी विचारलं. "कोन यायचं हाय?"

"कुणी नाही हो," मी म्हटलं. "ती स्टाइल आहे."

"नाय," ते म्हणाले. "वाट बगतेय ती." आणि ते ट्रकखाली सरकले.

मी हसले आणि घरी जाऊन परीक्षण पूर्ण केलं. त्यातला शेवटचा परिच्छेद मला पाठ आहे. 'सात गाणी स्वप्नासारखी तरंगतात. आठवं मात्र स्वप्नाचं सोंग आहे. एका ग्रामीण बाईचा आवाज ओळख पटणार नाही इतका ताणून शेवटी चिकटवला आहे आणि प्रत्येक ओळीनंतर मुद्दाम पोकळी सोडली आहे. या पोकळीत काहीही घडत नाही. बाई गाते आणि थांबते. कशासाठी थांबते, हे ना तिला ठाऊक, ना करणाऱ्यांना.' सात गाण्यांचे चार तारे होत होते. आठव्यापायी मी दीड कापला.

रविवारी सकाळी आई बिरडं सोलत बसली होती. मोड आलेले वाल पाण्यात, आणि ती एकेक दाणा चिमटीत धरून सालातून सटकवत होती. "नवीन काय लिवलंस?" तिनं विचारलं. "वाच जरा." तिनं आपणहून असं कधी म्हटलं नव्हतं. मला बरं वाटलं. मी फोन काढून वाचायला लागले. सात गाण्यांचं कौतुक वाचून झालं आणि मी श्वास घ्यायला थांबले.

"आनि पुढं?" ती म्हणाली.

पुढचं मी जरा आवाज चढवून वाचलं. तो भाग मला फार जमलाय असं वाटत होतं. वाचता वाचता मी वर पाहिलं तेव्हा तिच्या चिमटीत एक दाणा तसाच होता. मग तिनं तो सोलला.

"कशासाठी थांबते ते तिला ठाऊक नाय, असं लिवलंस?"

"हो."

"आनि अडीच म्हंजे पास का नापास?"

"पास गं. जेमतेम."

"बरं," ती म्हणाली, आणि तिनं सगळं बिरडं शेवटच्या दाण्यापर्यंत सोललं.

दुसऱ्या दिवशी देवाच्या फळीवर नारळ नव्हता. मी विचारलं तर म्हणाली, "देऊन आले परत. दम लागतो आता मला. लावतील ते डीजे." मी म्हटलं, बरं केलंस. हो, असंच म्हटलं मी.

पंधरा दिवसांनी अल्बमवाल्या मुलीचा मेसेज आला. मला वाटलं भांडण काढेल, पण तसं काही नव्हतं. तुम्ही इथल्याच आहात, आठव्या गाण्याचं तुमचं म्हणणं आम्हाला लागलं आहे, एकदा येऊन मूळ रेकॉर्डिंग ऐकाल का, एवढंच तिनं विचारलं होतं. मी शनिवारी दुपारी निघाले. रस्ताभर मनात वाक्यं परजत होते. धूर तोवर विरून गेला होता. झाडांवर कैऱ्या धरल्या होत्या, आणि कोंडाण्याच्या बाजूचे डोंगर उन्हात जमिनीपासून वीतभर सुटल्यासारखे दिसत होते. रस्त्यावर माणूस नव्हता. एक म्हैस मधोमध उभी होती आणि मी हॉर्न न वाजवता तिच्या हलण्याची वाट बघत राहिले, कितीतरी वेळ. मग मी मेसेजमधल्या पत्त्यावर पोहोचले आणि निळं फाटक दिसलं.

या फाटकाशी मी आईला एकदा सोडलं होतं. त्या दिवशी तिला रिक्षा मिळाली नव्हती. मी हेल्मेटही न काढता तिथूनच वळले होते. आता मी स्कूटर बंद केली आणि हेल्मेट काढलं.

आई दुपारी बारालाच काम उरकून निघायची, त्यामुळे ती तिथे नव्हती. मुलीनं मला स्वयंपाकघरातून आत नेलं. ओट्यावर भाकऱ्या झाकून ठेवल्या होत्या. फडक्याची घडी आणि तिचा एक कोपरा आत खोचलेला, आमच्या घरी असतो तसा. मुलानं लॅपटॉप उघडला आणि म्हणाला, "हे काहीच न करता, जसं होतं तसं आहे."

आधी गॅसचा आवाज आला. मग बांगड्या. मग माझी आई म्हणाली, "थांब रं, भात उतरवते." पातेलं टेकल्याचा आवाज. मुलगा म्हणत होता, मावशी, म्हणा ना आता. "म्हनते," आई म्हणाली. "पन माजं नाव नको टाकू हां. माजी लेक गान्यांवर लिवते. लय कडक लिवते. नाव बगितलं तर आई म्हनून चांगलं लिवल. तिला न सांगता कळू दे, कसं हाय ते."

आणि तिनं ओळ सोडली. 'मांडवाच्या दारी गं, पानी कोनी शिंपलं.' ओळ संपली आणि ती थांबली. तिथे पोकळी नव्हती. आईनं श्वास धरून ठेवला होता, आणि बांगडी ओट्यावर अगदी हळू टेकत होती, एक, दोन, तीन, चार. बरोबर एका ओळीची लांबी. मग दुसरी ओळ, आणि पुन्हा तेवढीच जागा. सोळा वर्षांनी मला त्या जागेत काकीचा आवाज ऐकू आला, किंचित नाकातला, ओळ उचलताना पहिल्या अक्षरावर हेल देणारा. तो लॅपटॉपमध्ये नव्हता.

"आम्ही मावशींना विचारलं होतं, मध्ये का थांबता," मुलगी म्हणाली. "त्या म्हणाल्या, ती तिची जागा हाय, तिथं मी कशी गाऊ. म्हणून आम्ही ती जागा कापली नाही."

मला रडू आलं आणि लाजही वाटली, दोन्ही एकदम. शहरातल्या इतक्या लोकांनी काय काय लिहिलं, ते चुकले तर चुकले. मी त्या ओळींखाली मांडीवर झोपून मोठी झाले होते. "ही माझी आई आहे," मी त्यांना सांगितलं. परीक्षण बदला असं दोघांपैकी कुणीही म्हटलं नाही.

घरी आले तेव्हा आई अंगणात आंबोशी वाळत घालत होती. कैरीच्या फोडी ती एकमेकींना चिकटू न देता पसरत होती. मी उभ्या उभ्याच म्हटलं, "आई, आठवं गाणं तुझं होतं."

"त्या पोरीनं सांगितलं ना?"

"तूच सांगितलंस. भात उतरवल्यावर."

ती जराशी हसली. मी तिच्याशेजारी खाली बसले. "मी चुकले आई. दुसऱ्या कुणाला नाही कळलं तर ठीक आहे. तू कशासाठी थांबतेस, ते मला कळायला हवं होतं. मला फार वाईट वाटतंय."

"तू बराबर लिवलंस," ती फोडींकडे बघत म्हणाली. "त्यात काय घडत नाय, असं लिवलं होतंस ना? नायच घडत. ती येत नाय. त्या पोरांच्या घरी कोन बगत नव्हतं, म्हनून गायले. मांडवात एवढ्या बायांसमोर मी थांबनार, आनि कोन नाय येनार. शेजारच्या पोरीच्या हलदीला असलं कशाला? म्हनून दिला नारळ." तिचा आवाज अगदी साधा होता. मीठ कमी पडलं असं सांगावं, तसा.

मी उठून शेजारणीकडे गेले. तो नारळ आहे का, विचारलं. "अगं, तो कवाच कालवनात गेला," ती म्हणाली. मग मी दुकानातून शेंडीवाला नारळ घेतला, पानं आणि सुपारी घेतली, आणि हे सगळं आंबोशीच्या सुपाशेजारी आईसमोर ठेवलं.

"यो कोनाचा?"

"माझा. झील धरणारीचा."

आईनं मला नीट न्याहाळलं. "तुला येते?"

"नाही."

"कानाला ती झाकनं लावून बसलीस इतकी वर्षं. कशी येनार?" पण तिनं नारळ उचलला, आणि तो फळीवर गेला.

वैशाखापर्यंत रोज कामावरून आल्यावर आम्ही अंगणाच्या कडेला बसत होतो. माझ्या आयुष्यात माझ्यावर इतकी टीका कुणी केलेली नाही. "घाई करतेस." "शब्द चावतेस." "मी सोडल्याबिगर ओढू नको." एकदा तर ती म्हणाली, "तू लिवतेस तशीच गातेस, समोरच्याला संपवूच देत नायस." मी चिडून आत गेले आणि चहा पिऊन परत आले. पण कधीकधी ऊन उतरताना, कैरीचा आंबट वास अंगणात पसरलेला असताना, एखादी ओळ अशी उचलली जायची की ती तिची होती की माझी, हेच कळायचं नाही. आम्ही दोघी मग पुढची ओळ विसरून तशाच बसून राहायचो. समोर काकीचं बंद घर असायचं.

हळदीच्या सकाळी मांडवावर जांभळीच्या डहाळ्या होत्या आणि कोपऱ्यात डीजेचे खोके ताडपत्रीखाली झाकलेले होते. बायका जात्याभोवती बसल्या. आईनं पदर सारखा केला आणि ओळ सोडली, त्या रेकॉर्डिंगमधलीच, मांडवाच्या दारी पाणी शिंपल्याची. ओळ संपली. ती थांबली.

लिहिताना मला वाटलं होतं की या जागेत काहीच घडत नाही. आतून ती जागा फार मोठी असते. जात्याचा घरघराट बारीक झाला, हळदीचा वास आला, समोरच्या दोन म्हाताऱ्या माना वर करून बघायला लागल्या, आणि माझी आई माझ्याकडे बघत होती. तिच्या डोळ्यांत भीती होती. मी नाही आले तर काय, ही भीती. मी अर्धा श्वास उशिरा आले आणि जरा खाली लागले, पण ओळ टेकू दिली नाही. आईनं पुढची सोडली. मी तीही धरली. पाचव्या-सहाव्या ओळीला ती माझ्याकडे बघायची थांबली आणि तिनं डोळे मिटून घेतले. नवरीची आई पदरानं नाक पुसत होती. आम्ही सगळी हळद दळून होईपर्यंत गायलो.

घरी परतताना माझा घसा बसला होता. आळीत ऊन होतं आणि आई एका बाजूनं, सावली धरून चालली होती.

"किती तारे?" मी विचारलं.

ती चालत राहिली. काकीच्या दारापर्यंत आलो. "अडीच," ती म्हणाली.

"पास का नापास?" मी विचारलं.

"पास हायेस," ती म्हणाली, आणि पदराखालून एक नारळ काढून माझ्या हातात दिला. मांडवातच कुणीतरी तिला पुढच्या हळदीचं सांगून गेलं होतं, आणि तिनं मला न विचारता हो म्हटलं होतं.